काकूंचा तिसरा नमुना

फ्रेमवाल्या काकूंना वेबसाइट मिळाली ती भाचीकडून, वाढदिवसाची भेट म्हणून. वेबसाइटवर दुकानाचा पत्ता होता, वेळा होत्या, फ्रेम करून हवी असेल तर नाव आणि ई-मेल भरायचा अर्ज होता, आणि खाली नुसती पांढरी जागा होती. काकूंना पांढरी जागा बघवत नसे. तीस वर्षं त्या लोकांच्या भिंतींवरच्या पांढऱ्या जागांचाच बंदोबस्त करत आल्या होत्या.

"लिही की काहीतरी, मावशी," भाची फोनवर म्हणाली. "ब्लॉग सुरू कर. काचेला ओल कशी धरते, फोटो पिवळे का पडतात, तुला किती माहिती आहे!"

"लिहीन गं. पण कशात लिहायचं?"

"त्याला सॉफ्टवेअर असतं. चांगली तीन आहेत, तिन्हींची बटणं तुझ्या वेबसाइटवर आहेत. कुठलंही एक दाब, झालं."

"कुठलंही एक" हे शब्द काकांच्या कानावर पडले आणि घोळ तिथेच सुरू झाला. काका एका कारखान्यात स्टोअरकीपर होते, नुकतेच निवृत्त झालेले. तीन नमुने समोर ठेवल्याशिवाय त्यांनी आयुष्यात साधा खराटा घेतला नव्हता. एक लग्न सोडून, असं ते स्वतःच सांगत. कौतुकाने सांगतात की खंत म्हणून, हे काकूंना अजून कळलेलं नव्हतं.

"तिन्ही लावायची," काका वही उघडत म्हणाले. "तिन्हींत तोच मजकूर टाकायचा. मग ठरवायचं."

दुपारी गिऱ्हाईक नसताना दोघं कॉम्प्युटरसमोर बसले. पहिल्या सॉफ्टवेअरने लिहू देण्याआधी इतके प्रश्न विचारले की काकू वाचणं सोडून "हो", "हो", "पुढे", "हो" असं दाबत गेल्या. दुसऱ्यात अक्षर ठळक करायचं तर शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदण्या काढायच्या होत्या. काकांनी वहीत लिहिलं : "नखरे फार." तिसरं मात्र गुणी निघालं. वर शीर्षक, खाली मजकूर, एक निळं बटण.

"मजकूर काय टाकू?" काकूंनी सुरुवातीलाच विचारलं होतं.

"समोर दिसेल ते टाक. अक्षर कसं दिसतंय तेवढंच बघायचंय."

समोर दुकानाचं दार होतं आणि दारावर दुतोंडी पाटी. दुकान उघडं असलं की "चालू आहे" ही बाजू रस्त्याकडे असायची, म्हणजे आत बसलेल्या काकूंना दिवसभर दुसरी बाजू दिसे. त्यांनी तीच टाइप केली : दुकान बंद आहे. शीर्षकाच्या जागी काकांच्या शिस्तीप्रमाणे पहिल्यात "पहिलं", दुसऱ्यात "दुसरं" आणि तिसऱ्यात "शेवटचं" असं लिहिलं. तिसऱ्याने निळं बटण दाबल्यावर नम्रपणे विचारलं, "तुमच्या यादीतल्या ग्राहकांना कळवायचं का?" काकूंचं बोट सवयीने "हो"वर गेलं.

यादीत चारशे बारा ग्राहक होते, भाचीने जुन्या पावत्यांवरून उतरवून ठेवलेले. त्या सगळ्यांना एका ओळीचं पत्र गेलं : "शेवटचं. दुकान बंद आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू कुलूप काढायला आल्या तेव्हा दारात रांग होती. सगळ्यात पुढे दातांचे डॉक्टर.

"काकू, माझी पदवी आहे तुमच्याकडे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "चार वर्षं झाली. पेशंटना सांगतोय, फ्रेमला दिलीय म्हणून."

"दिलीच आहे की. तुम्ही न्यायला आला नाहीत."

त्यांच्या मागे एक जावई होता. सासऱ्यांनी त्याच्या नव्या घरासाठी स्वतःचा, कमरेवर हात ठेवलेला, दाराएवढा फोटो दिला होता. सहा वर्षं तो काकूंच्या फळीवर सुखरूप होता आणि सहा वर्षं जावई सासऱ्यांना सांगत होता की काच मिळत नाहीये.

"आता घरी न्यावा लागणार," तो हताशपणे म्हणाला. "तुम्ही असं अचानक कसं हो बंद करता? माणसाने काय करायचं?"

"अहो, बंद नाही करत!"

पण ऐकतो कोण. रांगेतल्या एका आजींनी काकांना बाजूला घेऊन विचारलं, "शेवटचं म्हणजे... डॉक्टर काय म्हणाले?" काकांनी समोरच्या डॉक्टरांकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "काही नाही, पदवी मागतायत." आजींना रडूच फुटलं.

काकूंनी भाचीला फोन लावला. "पुसून टाक गं ते!"

"पत्र गेलं ते गेलं, मावशी. खुलाशाचं दुसरं पाठव."

काकूंनी घाईघाईने लिहिलं, "दुकान बंद होणार ही अफवा आहे, सर्वांनी निश्चिंत राहावं." लोकांच्या मोबाइलवर पहिल्या तीन शब्दांपुरतीच जागा होती. तिथे दिसलं, "दुकान बंद होणार..." रांग कोपऱ्यापर्यंत गेली.

अकरा वाजता दुकानाच्या जागेचे मालक आले. त्यांच्यासोबत चष्म्यांच्या दुकानासाठी जागा शोधणारा एक चष्मेवाला होता आणि चष्मेवाल्याच्या हातात टेप.

"निदान मला तरी आधी सांगायचंत," मालक म्हणाले.

"अहो, ती चाचणी होती."

"लेखी आहे. मी वेबसाइट उघडून बघितली. पहिलं, दुसरं, शेवटचं. तीन वेळा लेखी नोटीस दिलीत तुम्ही."

चष्मेवाल्याने भिंत मोजायला घेतली होती. ज्या भिंतीवर तीस वर्षं फ्रेमच्या पट्ट्यांचे नमुने लटकत होते, तिथे तो बोटाने आरसे मांडत होता. तेवढ्यात त्याची नजर रांगेकडे गेली आणि टेप सर्रकन मिटली.

"एवढी गर्दी असताना ही बाई दुकान सोडते?" तो मालकांना म्हणाला. "म्हणजे जागेतच काहीतरी भानगड आहे. ओल वगैरे आहे का?"

"ओल? माझ्या भिंतीला?" मालक उसळले.

"आहे की," काकू शांतपणे म्हणाल्या. "मागच्या भिंतीला, गुडघ्यापर्यंत. माझा पहिला लेख त्याच्यावरच आहे."

चष्मेवाला दोन मिनिटांत दिसेनासा झाला. मालक मागच्या भिंतीपाशी वाकून बघून आले.

"चारशे लोकांना जातं ना ते?"

"चारशे बारा. त्यात तुम्हीही आहात."

"वहिनी, जागा तुमचीच आहे. भिंत मी या आठवड्यात करून घेतो. पण लेखाला दुसरा विषय बघा."

संध्याकाळपर्यंत फळ्या रिकाम्या झाल्या. काकांनी वहीत तिसऱ्या सॉफ्टवेअरसमोर लिहिलं, "परिणामकारक," आणि निवड पक्की झाली.

काकूंनी शब्द पाळला, विषय बदलला. चार दिवस खपून त्यांनी एक गोष्ट लिहिली : सासऱ्यांचा फोटो सहा वर्षं फ्रेमच्या दुकानात लपवणाऱ्या जावयाची. नाव नाही, गाव नाही. दाराएवढ्या फोटोची त्यांनी गोष्टीत खिडकीएवढी तसबीर केली आणि कमरेवरचे हात छातीवर बांधले, म्हणजे कोणी ओळखायला नको. दोनदा वाचून, श्वास रोखून निळं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी वेगवेगळ्या वेळी चार पुरुष दुकानात येऊन गेले. प्रत्येकाने इकडेतिकडे बघितलं आणि कुजबुजत म्हटलं, "काकू, नाव नाही घातलंत, उपकार झाले." त्या चौघांत तो जावई नव्हता. काकूंना वाटलं, त्याने वाचलंच नसेल.

त्याने वाचलं होतं. इतकं आवडलं होतं की पोट धरून हसून त्याने ते ताबडतोब सासऱ्यांना पाठवलं होतं.

सासरे तिसऱ्या दिवशी स्वतः दुकानात आले. काकूंनी फोटोवरून लगेच ओळखलं. हात कमरेवरच होते.

"छान लिहिता हो तुम्ही!" ते गडगडाटी हसले. "जावयाने वाचायला पाठवलं. काय एकेक नमुने असतात! कोण हो तो गाढव?"

"गिऱ्हाइकाचं नाव आम्ही सांगत नाही," काकू काउंटरकडे बघत म्हणाल्या.

"बरोबर आहे. आमचा जावई तसा नाही बरं. परवाच गेलो होतो त्यांच्याकडे. माझा फोटो अगदी दारासमोर लावलाय." आणि त्यांनी बगलेतली लांबलचक गुंडाळी काउंटरवर उलगडली. हा फोटो पहिल्यापेक्षा हातभर मोठा होता. "म्हटलं, एवढं प्रेम आहे तर हा त्यांच्या झोपायच्या खोलीसाठी. कधी देता?"