गोखरूवाले भिकाजीपंत

कल्याणात आमच्या शेजारी भिकाजीपंत राहायचे. त्यांच्याकडे जायचं म्हणजे आधी दारातल्या दगडावर उभं राहायचं. मग पंत उकिडवे बसून तुमच्या धोतराला चिकटलेली गोखरूची काटेरी बोंडं वेचणार, खापरात टाकून जाळणार आणि मगच म्हणणार, "या, बसा." मामलेदारसुद्धा यातून सुटले नाहीत.

पंतांचं भातशेत होतं, लागून गवताचं कुरण. तिथलं गवत रेल्वेनं मुंबईला जायचं. कुठून आलं देव जाणे, पण या गोखरूनं दोन्हीकडे ठाण मांडलं होतं.

"एका बोंडात दोन वारस!" पंत ओरडायचे. "एक यंदा उगवतो, दुसरा पुढल्या साली. उपटायचं तर फुलाआधी, नाहीतर बसा जन्मभर वाकत."

स्वतः ते जन्मभर वाकूनच होते.

एकदा मी म्हटलं, सरळ कचेरीतून आलो. पंतांनी माझा सोगा धरला. "कचेरीत गोखरू कधीपासून उगवायला लागलं रे? हे नदीकाठचं. पत्ते कुटत बसला होतास." कुंपणापलीकडे माझी बायको उभी होती. त्या रात्री ताटात भात कमी आणि बोलणी जास्त पडली.

पंतांना एकच मुलगी, यमू. टिटवाळ्याला दिलेली. त्या दिवाळीला सासरच्यांनी तिला धाडलंच नाही. पंत रोज वेशीपर्यंत जाऊन यायचे आणि "गोखरू बघून आलो" म्हणायचे. फार वाईट वाटायचं.

कार्तिक सरताना एका संध्याकाळी यमू आली. एकटी. काखेत बोचकं आणि लुगड्याचा काठ गोखरूनं गच्च भरलेला. समोरच्या गंगाकाकू लगेच ओट्यावर आल्या.

"यमू, पायी आलीस गं? सासरी ठाऊक आहे ना?"

यमू सवयीनं दगडावर उभी राहिली. पंत वाकले, काठ पाहिला आणि तसेच ताठ झाले.

"पायी कशाला येईल? बैलगाडीनं आली. वेशीवरूनच परत पाठवली मी गाडी." मग तिला म्हणाले, "आत जा, बाळ. दमली असशील."

गोखरूसकट तो उंबरा कुणी ओलांडल्याचं मी पहिल्यांदाच पाहिलं.

सकाळी परसातून डोकावलो. पंत न्हाणीच्या चुलीशी बसले होते. मांडीवर यमूचं लुगडं. एकही धागा ओढला जाऊ नये अशा बेतानं एकेक बोंड सोडवून आगीत टाकत होते. माझ्या धोतराच्या वाट्याला एवढी माया कधी आली नव्हती.

"बरीच निघाली का, पंत?"

"एकही नाही," ते मान वर न करता म्हणाले. "गाडीनं आली ना ती."

चुलीत बोंडं तडतडत होती.

"हो तर," मी म्हटलं. "बैल चांगले होते."