खिळ्या वेबपेजवरून गळला त्याची गोष्ट

हे लिहिणारच नव्हतो. पण प्रत्येक माणूस कोणाच्या तरी हाताखाली असतो, हे जगाचं सत्य आहे, आणि ते आमच्या ऑफिसच्या वेबपेजवर आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं. (कोड मी व्हिडिओ बघून शिकलो. ऑफिसात त्याला तज्ज्ञ म्हणतात.)

साहेबांकडे एक सपाट यादी होती. एका ओळीत एक माणूस, शेजारच्या रकान्यात त्याचा वरिष्ठ. मोठे साहेब आणि झाडूवाले काका एकाच मापाच्या ओळीत. एवढी समता कोणालाच बघवेना. म्हणून ठरलं, वर साहेब, त्यांच्या हाताखालचे थोडे आत सरकवून, त्यांच्या हाताखालचे आणखी आत. माणूस जितका आत, तितका बिनकामाचा. (म्हणजे काम करणारा.)

कोड सरळ आहे. साहेबांपासून सुरू कर, हाताखालचे शोध, मग त्यांच्या हाताखालचे, कोणी उरेना तोवर.

पान उघडलं तर हिशेबवाल्या मॅडम आणि खरेदीवाले काका गायब. दोघांनी सौजन्याने एकमेकांनाच वरिष्ठ लिहिलेलं. साहेबांच्या हाताखाली दोघांपैकी कोणीच नाही, म्हणून कोड त्यांच्यापर्यंत पोचलाच नाही. मॅडम माझ्या टेबलाशी येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. चहा यायच्या आत दोघं पानावर.

खिळ्या मात्र आलाच नाही. खिळ्या म्हणजे माझा दोस्त, गोदाम सांभाळतो. त्याचे वरिष्ठ निवृत्त झाले, यादीतून गेले, आणि खिळ्या त्यांच्याच नावाखाली लोंबकळत राहिला.

साहेबांनी पान पाहिलं. "छान. गोदामात कोणी नाही वाटतं? मग ती जागा बंद करू."

"सर, खिळ्या आहे की."

"पानावर कुठाय?"

तेव्हा खिळ्या त्यांच्याच खोलीत कागदांचे गठ्ठे लावत होता. साहेबांनी त्याला वळसा घातला आणि म्हणाले, "शुक्रवारपर्यंत वरिष्ठ दाखवा. नाहीतर बंद."

आम्ही टेबलाटेबलाशी गेलो.

मॅडम म्हणाल्या, "माझ्या हाताखाली? मग त्याच्या रजेच्या अर्जावर सही कोण करणार, मी?"

खरेदीवाले काका म्हणाले, "पोरगं सोन्यासारखं आहे रे. म्हणून तर सांगतो, चांगलं ठिकाण बघा."

जिन्यात खिळ्या म्हणाला, "मुलगा सगळ्यांना पसंत आहे. करून घ्यायला कोणी तयार नाही. तुझ्याच खाली टाक ना मला."

"मी कंत्राटी. माझ्याखाली फक्त खुर्ची चालते."

"मग काय, गेली नोकरी?"

नाही जाणार. वरिष्ठाला गोदाम माहीत असावं लागत नाही, तुझं नावही नाही. बसल्या जागी, दुसऱ्याची अडचण, काहीएक न करता शेवटपर्यंत वाचता आली की झालं. तर खिळ्या, शब्द देतो, इथवर जे कोणी वाचत आलेत, त्यांच्या हाताखाली तुला आजच टाकतो. रजेचे अर्ज सरळ त्यांच्याकडेच पाठव.