लाल अक्षरांचं म्हणणं

पडद्यावर लाल अक्षरं उमटली की आम्ही बाकीचे शिव्या घालायचो. दत्तूदा खुर्ची पुढे ओढायचा, चष्मा पुसायचा आणि अदबीने विचारायचा, "हां, त्याचं म्हणणं काय हाय?"

दत्ताराम नाटेकर, राजापूर तालुक्यातल्या नाटे गावचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी, पण याला बोट लागायची, म्हणून हा कॉम्प्युटरकडे वळला. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ आमचं चार टेबलांचं ऑफिस होतं. तिथे आम्ही दोघं एका मच्छीमार सोसायटीचं सॉफ्टवेअर लिहायचो. होड्या, त्या हाकणारे तांडेल, खलाशी सगळे डेटाबेसच्या तक्त्यांत बसवलेले. त्या तक्त्यांची आणि आपल्या प्रोग्रॅमची गाठ घालून देणारा कोड म्हणजे मॅपिंग. थोडक्यात, सोयरीक जमवायचं काम. ती फिसकटली की लाल अक्षरं.

एरर पन्नास ओळींचा असला तरी दत्तूदा थेट तळाशी जायचा. "रडणारं पोर आधी भलतंच सांगतं. खरं काय झालं ते शेवटी सांगतं." मग ती शेवटची ओळ तो मोठ्याने वाचायचा, एकही शब्द न गाळता. इंग्रजी वाचताना तो कधी अडखळायचा नाही. एरवी बोलताना मात्र दर दोन शब्दांनी अडायचा. त्याची वाक्यं मी इथे सलग लिहिते आहे, पण ती तशी यायची नाहीत.

एकदा मी 'एकवीरा' ही होडी नावावरून शोधायला लावली. एकच मिळायला हवी होती, मिळाल्या अकरा, असं एरर म्हणत होता. मी डेटाबेसला नावं ठेवायला लागले. दत्तूदाने ओळ वाचली आणि पोट धरून हसला. "अगो, बंदरावर जाऊन 'एकवीरा खंय' विचारलंस तर लोक आधी 'कोणाची' विचारतील. तो बिचारा दुसरं काय विचारतोय?" होडीच्या नावाला तांडेलाचं नाव जोडलं आणि सगळं सुरळीत झालं.

मला मात्र ऐकून घ्यायला वेळ नसायचा. एररचंही नाही आणि दत्तूदाचंही नाही. तो "मी ज… ज…" म्हणायला लागला की मी म्हणायचे, "जेवायला जातोयस ना, जा." तो क्षणभर थांबून "हां" म्हणायचा आणि जायचा. एके दिवशी तो असा दोनदा जेवून आला. दुसऱ्यांदा त्याला 'जरा झेरॉक्स काढून येतो' म्हणायचं होतं, हे संध्याकाळी कळलं. ऑफिसात सगळेच त्याची वाक्यं अशी पुरी करायचे, आणि आपण त्याला मदत करतो असं मला मनापासून वाटायचं.

पुढे ऑफिसच्या मालकांनी, म्हणजे सरांनी, सांगून टाकलं की गणपतीनंतर दोघांपैकी एकालाच ठेवता येईल. दत्तूदाला या वयात रत्नागिरीत दुसरीकडे कोण घेणार, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होतं. माझं लग्न ठरलेलं, आणि मला हे गाव सोडायचं नव्हतं.

त्याच दिवसांत खलाशांच्या ओळखपत्रांचं काम आलं. बोटी सुटायच्या आधी कार्डं हातात हवी होती. तक्त्यात वडिलांचं नाव सक्तीचं होतं आणि कित्येक खलाशांनी ते दिलंच नव्हतं. दर वेळी लाल अक्षरं: हा रकाना रिकामा चालणार नाही. दत्तूदा म्हणाला, "एकेकाला विचारूया." मी म्हटलं, वेळ कुठे आहे. तो चहाला गेला तेव्हा मी एरर आला तर तो गुपचूप गिळून टाकणाऱ्या दोन ओळी लिहिल्या. पडदा शांत झाला.

कार्डवाटपाच्या दिवशी पंधरा-वीस खलाशांची नावंच निघाली नाहीत. वडिलांचं नाव नव्हतं म्हणून ती कधी साठवलीच गेली नव्हती, आणि माझ्या दोन ओळींनी ते कळू दिलं नव्हतं. त्यांच्या बोटी सुटल्या आणि ते जेट्टीवर राहिले. सोसायटीचे लोक ऑफिसात येऊन तासभर बोलून गेले.

सरांनी आम्हां दोघांना समोर उभं केलं. "चूक कोणाची?"

दत्तूदाने कोड वाचला होता. त्याने तोंड उघडलं. "ती चूक मा… मा…"

"माझी, असंच ना?" सर म्हणाले.

माझं नाव मानसी आहे. दत्तूदाने माझ्याकडे बघितलं. मी टेबलावरच्या वायरीकडे बघत होते. मग तो म्हणाला, "हां."

एरवी त्याचं प्रत्येक वाक्य पुरं करणारी मी, तेव्हा गप्प बसले. सरांनी मला ठेवलं. आठवडाभरात दत्तूदा गावी, नाट्याला गेला.

मला याची लाज वाटते. तेव्हाही वाटली, पण सरांकडे जाऊन खरं सांगायला तीन महिने लागले. ते म्हणाले, "बोलाव त्याला परत. तुझं नंतर बघू."

मी फोन केला. सर बोलावतायत, येशील ना, असं विचारलं. पलीकडून आवाज आला, "न… न…"

'नक्की' माझ्या जिभेवर आलं होतं. मी ओठ घट्ट मिटून घेतले. त्याच्या मागे कोंबड्या ओरडत होत्या. कोणीतरी भांडी घासत होतं.

"नको गो," तो म्हणाला. "हयसर घरी बरा हाय. आईस ऐकू कमी येतं. मी बोलाय लागलो की ती माझ्या तोंडाकडं बघत र्‍हाते. संपेपर्यंत."

आमच्या ऑफिसात तो सात वर्षं होता, आणि संपेपर्यंत असं कोणीच बसलं नव्हतं.

मग माफी मागायची म्हणून मी बोलायला लागले. पाठ करून ठेवलेलं काही आठवेना. 'त्या दिवशी मी' इथपर्यंत येऊन अडले, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा अडले. कितीतरी वेळ गेला. दत्तूदाने मध्ये एकही शब्द घातला नाही.