धोंड्याच्या महिन्यातलं शिबिर

"ज्या मुलांना राग आवरत नाही, रुसवा सोडता येत नाही, चारचौघांत मिसळता येत नाही, त्यांच्यासाठी हे उन्हाळी शिबिर आहे," राजेश्वरी मॅडम म्हणाल्या, तेव्हा आप्पासाहेबांनी फार गंभीरपणे मान हलवली.

"पोरं लई बिघडल्यात मॅडम. जरा मनासारखं न्हाई झालं की फुगून बसत्यात. शिकवा तुमी. कार्यालय महिनाभर तुमचंच."

आप्पासाहेबांचं कोपरगावातलं मंगल कार्यालय एरवी मे महिन्यात श्वास घ्यायला रिकामं नसतं. पण यंदा पडला अधिक महिना, म्हणजे आपला धोंड्याचा महिना. लग्नांना मुहूर्त नाही, कार्यालयं ओस पडलेली आणि जावयांचा भाव आभाळाला भिडलेला. त्यामुळे जिथे एरवी वरपक्ष बसायचा त्या गाद्यांवर आता मॅडमची पोरं बसू लागली. सकाळी यायचं, दुपारचा डबा खायचा, संध्याकाळी घरी जायचं. मॅडमनी स्टेजच्या बाजूला गादी टाकून 'शांत कोपरा' केला होता. राग आला की तिथे जाऊन पडायचं, कोणी बोलायचं नाही. आणि ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी पुठ्ठ्यावर चेहरे काढले होते: रागावलेला, रडका, घाबरलेला, खूश. शेवटचा एक तोंडाचा आ करून बसलेला. तो भुकेचा. अर्धे राग पोटातून येतात, असं मॅडमचं म्हणणं होतं.

पुठ्ठ्यांची खरी गरज सृष्टीला. घरात ही पोरगी दिवसभर पोपटासारखी बोलायची आणि उंबरा ओलांडला की मिठाची गुळणी. शाळेतल्या बाईंनी तिचा आवाज कधी ऐकलेला नव्हता. "मुकी हाय का वं?" हा प्रश्न ऐकून ऐकून तिची आई धनश्री पार विटून गेली होती. देव झाले, डॉक्टर झाले. आता सगळी आशा या शिबिरावर. लेकीला सोडून ती घरी जातच नसे. दारातल्या पायरीवर बसून राहायची, चुकून एखादा शब्द कानावर पडला तर पडला.

अशात आप्पासाहेबांनी जावयाचं धोंड्याचं, म्हणजे पुरण भरलेल्या धोंड्यांचं जेवण ठरवलं, तेही कार्यालयातच. लेक स्नेहलचं लग्न गेल्या वर्षीचं, जावई हनुमंतराव कर्जतकडचे, आणि हा त्यांचा पहिला धोंडा. म्हणजे थाट तर हवाच. "पोरं हॉलमधी, आमी जेवनघरात. तुमाला काय तरास न्हाई," असं त्यांनी मॅडमना सांगून ठेवलं. त्यांचा धाकटा भाऊ भागवतराव याने फेटे बांधायला गोरक्षनाथला बोलावलं. पाहुण्यांना साधे भगवे, जावयाला जरीचा.

गोरक्षनाथ वेळेच्या आधी पोचला. आत बघतो तर पोरं ओळीत मांडी घालून, डोळे मिटून, हात गुडघ्यावर ठेवून बसलेली. सकाळचा श्वासाचा व्यायाम चालला होता आणि स्टेजवरच्या सिंहासनाखाली लपलेल्या करण नावाच्या पोराला बाहेर काढायला मॅडम तिकडे वाकल्या होत्या. गोरक्षनाथची उभी हयात कार्यालयात गेलेली. ओळीत बसलेला माणूस कशासाठी बसलेला असतो, हे त्याला काय विचारायचं? त्याने पिशवी उघडली आणि पहिल्या डोक्यापासून सुरुवात केली.

सृष्टीपाशी आल्यावर तो म्हणाला, "बाळा, तू पाव्हन्यांकडचीच ना?"

सृष्टीने खूश चेहऱ्याचा पुठ्ठा वर केला.

"वा! मग तुला झकास बांधतो," असं म्हणून भरात त्याने जावयासाठी राखलेला जरीचाच काढला.

मॅडम करणला घेऊन आल्या तर सगळी पोरं फेट्यात, आणि कधी नव्हे ती गुण्यागोविंदाने बसलेली. त्यांना वाटलं, आप्पासाहेबांनी मुलांचा सत्कार ठेवला असेल. आता नगर जिल्ह्यात सत्काराला कारण लागतं असं कोणी सांगितलंय? चौकातल्या बोकडालासुद्धा इथे शाल मिळून जाते. मॅडमनी उलट गोरक्षनाथचे आभार मानले, करणलाही एक बांधून घेतला आणि पिशवी रिकामी झाली.

तेवढ्यात हनुमंतरावांची गाडी आली. औक्षण झालं. भागवतराव म्हणाले, "फेटा आना रे!" आणि गोरक्षनाथने रिकामी पिशवी दाखवली. तेवढ्यात जरीचा तुरा डोलवत सृष्टी पाणी प्यायला बाहेर आली.

हनुमंतरावांनी तुऱ्याकडे पाहिलं, सासऱ्याकडे पाहिलं, आणि परत गाडीत जाऊन बसले. काच वर.

"पाव्हनं, चूक झाली. तिचा काढून तुमाला बांधतो," आप्पासाहेब काचेशी वाकून म्हणाले.

काच बोटभर खाली आली. "उतरलेला फेटा घालू व्हय मी?"

"मग दुसरा मागवतो."

"दुसरा न्हाई चालनार. माझा तोच हुता." काच परत वर.

आता यावर काय करायचं, सांगा! आप्पासाहेब घामाने निथळले आणि सगळा राग भागवतरावांवर काढला. "फेटेवाला तूच आनला ना? एक काम धड हुत न्हाई!"

"व्हय, मीच येडा!" भागवतराव ओरडले. "ह्या घरात माझी किंमतच न्हाई!" आणि ते तडक हॉलमध्ये शिरून शांत कोपऱ्यातल्या गादीवर भिंतीकडे तोंड करून पडले. आतून चांगुणाबाई, म्हणजे आप्पासाहेबांची बायको, ओरडल्या, "धोंडे गार व्हायल्यात! तुपाचं सुद्दा दगाड झालं!" स्नेहल तेवढी शांत होती. "घरी पन असंच करत्यात," ती म्हणाली. "मी तर बघतच न्हाई."

शेवटी आप्पासाहेब दारात आलेल्या मॅडमकडे वळले. "त्या पोरीचा फेटा काढा. आत्ता."

सृष्टीने दोन्ही हातांनी फेटा घट्ट धरला.

"ओढून घेतला तर ती परत मान वर करणार नाही, आप्पासाहेब. मी काढणार नाही," मॅडम म्हणाल्या.

"मंग उद्यापासून शिबिर बंद! माझ्या जावयापरीस तुमची पोरं मोठी न्हाईत."

पायरीवरची धनश्री धावत आली. "आप्पा, पाया पडते, बंद नका करू. लई आशेनं आनलंय हो तिला." आणि तिला रडूच कोसळलं. लेकीच्या फेट्याला हात घालावा तर लेक सोडेना, न घालावा तर शिबिर जातंय. बिचारी मधल्यामधे उभी.

सृष्टीने रडणाऱ्या आईकडे पाहिलं. मग पुठ्ठे उचलले आणि सरळ गाडीपाशी जाऊन काच वाजवली.

काच खाली आली. तिने रागावलेला चेहरा दाखवला. हनुमंतरावांनी तोंड फिरवलं. रडका दाखवला. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग तिने तोंडाचा आ केलेला दाखवला. हनुमंतरावांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच त्यावर बोट ठेवलं. धोंड्याला जागा हवी म्हणून गडी सकाळपासून उपाशी होता. केव्हाच उतरायचं होतं, पण जावई आपण होऊन उतरतो का कुठे?

सृष्टी वळली आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "यांना भूक लागलीया!"

धनश्रीचं रडणं जागीच थांबलं. मॅडमचा हात तोंडावर गेला. हनुमंतराव लालबुंद झाले, पण आता लपवायला काही उरलंच नव्हतं. ते गुपचूप उतरले आणि थेट पानावर जाऊन बसले.

आप्पासाहेबांच्या जिवात जीव आला. ते लाडाने वाकले. "शाब्बास गं बाय! आता तेवढा फेटा दे पाव्हन्यांना."

"न्हाई देनार," सृष्टी म्हणाली.

आप्पासाहेबांना त्यांच्याच कार्यालयात एवढ्याशा पोरीने नाही म्हणायची ही पहिलीच वेळ. आणि दुसरी एखादी आई असती तर तिने पोरीला धपाटा घातला असता. धनश्रीने तिला उचलून छातीशी धरलं. "न्हाई म्हनली! मॅडम, आयकलं का? चारचौघांत न्हाई म्हनली माझी लेक! परत म्हन गं बाई, परत एकदा म्हन!"

"न्हाई देनार!"

आप्पासाहेब त्या हसत रडणाऱ्या बाईकडे बघत राहिले. मग जेवणघरात डोकावले. हनुमंतराव दुसऱ्या धोंड्यावर होते आणि फेट्याची त्यांना आठवणसुद्धा नव्हती.

"राहू द्या. तिचाच हाय तो," ते म्हणाले.

"आणि शिबिर?" मॅडमनी विचारलं.

"चालू ठिवा की. कोन बंद करतंय?" मग त्यांनी आवाज खाली आणला. "पन मॅडम, आमचा भागवत अजून भितीकडं तोंड करून पडलाय. मी दोनदा बोलावलं. तेवढं पोरीला धाडता का?"

सृष्टी तुरा सावरत शांत कोपऱ्यात गेली. पुठ्ठे तिने पायरीवरच ठेवले होते.

"काका, धोंडे संपत आल्यात," ती म्हणाली. "तुमच्यासाठी कुनीबी थांबलेलं न्हाई."

भागवतराव ताडकन उठून बसले.

"तूप तरी ठिवलंय का?"