बंदूक विकेपर्यंत भांडायचं नाही

जपानमधल्या सेंदाईतला मुक्काम हलवून पुण्याला परत जायचं ठरलं, तेव्हा गुणवंतने सगळ्यात आधी बंदूक विकायला काढली. चुकलं ते इथेच. आधी फ्रिज काढला असता, तर पुढचं रामायण घडलंच नसतं.

आता भाताच्या रोपांवर संशोधन करणाऱ्या माणसाच्या घरात बंदूक काय करत होती, असं तुम्ही विचाराल. तर गुणवंतच्या प्रोफेसरांना हवेत उडणाऱ्या मातीच्या थाळ्या टिपायचा भारी नाद. त्यांनी "येता का?" विचारलं आणि गुणवंतने (नाही म्हणायची कला त्याला देवाने दिलेलीच नाही) परीक्षा, परवाना, कुलपाचं कपाट असे सगळे सोपस्कार करून बंदूक घेतली. पैसे होते बायकोच्या, म्हणजे अनुराधाच्या, शिलाई मशीनसाठी ठेवलेले. तीन वर्षांत त्याच्या हातून एकही थाळी फुटली नाही. "बंदूक जरा डावीकडे जाते," असं तो प्रोफेसरांना सांगे. घरीही तेच सांगे. सांगून सांगून त्याचं त्यालाच ते पटलं होतं.

जपानात जुनी वस्तू विकताना तिचे दोष आपण होऊन सांगायची रीत आहे. त्यामुळे बंदुकांचे दुकानदार ओइकावा-सान यांनाही त्याने फोनवर तेच सांगितलं. ओइकावा-साननी दातांतून हवा आत ओढली आणि जी किंमत सांगितली, तिच्यात मशीनची फार तर सुई आली असती.

"डावीकडे बंदूक जात नाही, तुम्ही जाता," अनुराधा कडाडली. "बार काढताना दोन्ही डोळे गच्च मिटता. दिवाळीत लवंगी लावतानाही मिटता. शनिवारी ते बंदूक बघायला येतील तेव्हा खरं सांगा आणि रास्त किंमत घ्या. निघण्याआधी मला मशीन हवंय."

"अगं, ते प्रोफेसरांचे मित्र आहेत. माझी अब्रू..."

"तुमच्या अब्रूचे पैसे मी का भरू?"

एवढ्यात गुणवंतला एक गोष्ट आठवली. परवाना देण्याआधी एक पोलीस याच स्वयंपाकघरात बसून अनुराधाला विचारून गेला होता: नवरा ओरडतो का, घरात भांडणं होतात का? शेजारच्या चिबा आजींकडेही चौकशी झाली होती. भिंती तर पुठ्ठ्याच्या. आजींनी तक्रार केली तर परवाना जाणार, बंदूक पोलिसांकडे जाणार, आणि मग सुईसुद्धा नाही.

"विकली जाईपर्यंत भांडायचं नाही," तो कुजबुजला. "काय बोलायचं ते गोड आवाजात."

मग काय, आमटी वाढताना अनुराधा मधाळ स्वरात म्हणे, "अहो, तुमच्यासारखा दीडशहाणा उभ्या सेंदाईत सापडायचा नाही हो." गुणवंत हसत म्हणे, "तुझ्या जिभेला काही हाड, राणी?" आतून दोघंही उकळत होती. एकदा अनुराधाने कढई आपटली, तेव्हा दोघं श्वास रोखून भिंतीकडे बघत राहिली. गुणवंतने प्रसंगावधान राखून खो खो हसून दाखवलं. पलीकडचा टीव्ही बंद झाला.

शनिवारी ओइकावा-सान आले. त्यांनी नळीतून बराच वेळ बघितलं. "सरळ दिसते आहे. पण तुम्ही म्हणता डावीकडे जाते, तर मी जास्त देऊ शकत नाही."

अनुराधाने गुणवंतकडे बघितलं. गुणवंतने चहाकडे बघितलं. तेवढ्यात बेल वाजली. दारात तोच पोलीस होता आणि त्याच्या पाठीमागे चिबा आजी.

"तुमच्याबद्दल शेजारी काळजीत आहेत," पोलीस म्हणाला.

गुणवंत घाईघाईने म्हणाला, "आम्ही भांडलो नाही हो. एक शब्द नाही."

"तेच तर," चिबा आजी म्हणाल्या. "तीन वर्षं रोज भांडायचे. मला कसं सोबत असल्यासारखं वाटायचं. आता नुसतं गोड गोड चाललंय. आणि यांचं ते हसणं. असं हसणारा माणूस मी टीव्हीवर बघितलाय. त्याची बायको पुढच्या भागात नव्हती."

पोलिसाची नजर टेबलावरच्या बंदुकीवर गेली. "घरात काय चाललंय ते खरं सांगा. नाहीतर ही मला घेऊन जावी लागेल."

गुणवंतने अनुराधाकडे बघितलं. ती रागावलेली नव्हती. तिचे डोळे भरून आले होते. तीन वर्षं मशीनचं 'पुढच्या वर्षी घेऊ' ऐकत ती थांबली होती, हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं आणि त्याची त्यालाच लाज वाटली.

"बंदूक सरळच जाते," तो म्हणाला. "बार काढताना मी डोळे मिटतो."

"दोन्ही?" पोलिसाने विचारलं.

"दोन्ही."

"हे आधी सांगायला काय धाड भरली होती?" अनुराधाचा साठलेला राग फुटला, तो पार खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेला. चिबा आजींचा चेहरा उजळला. "आता बरं वाटलं," म्हणत त्या घरी गेल्या. पोलीसही वाकून नमस्कार करून निघाला. ओइकावा-साननी नळी पुन्हा एकदा बघितली आणि मुकाट्याने मशीनपुरती किंमत मोजली.

निघण्याच्या आदल्या दिवशी उरलेली एक सही करायला गुणवंत दुकानात गेला. त्याची बंदूक कपाटात दिमाखात उभी होती आणि तिच्यावर सुबक अक्षरात चिठ्ठी लावलेली होती: 'उत्तम स्थितीत. आधीच्या मालकाने नेम धरून कधीही वापरलेली नाही.'

चष्मा वर करून ती चिठ्ठी वाचत प्रोफेसर उभे होते.