भूकंप तिकडे, हादरे शिलाईच्या दुकानात

"अहो मामा, भूकंप होऊ दे नाहीतर आभाळ कोसळू दे! शेअरवाल्या माणसानं जागचं हलायचं नाही!"

टेलर मास्तरांनी फोनवर सासऱ्यांना असं ठणकावलं आणि वकीलसाहेबांच्या पँटवर टीप मारायला घेतली. सासरे-जावयांनी कॉम्प्युटरच्या चिपा बनवणाऱ्या एकाच कंपनीचे शेअर घेतलेले. फरक एवढाच, की मास्तरांनी घातलेले पैसे बायकोनं नव्या शिलाई मशीनसाठी साठवले होते!

तेवढ्यात टीव्ही किंचाळला. त्या कंपनीच्या कारखान्याखालीच भूकंप!

मास्तरांचा पाय मशीनवर बैल उधळावा तसा उधळला.

"अहो, हलायचं नाही ना?" काजं करता करता बायको म्हणाली.

"ते मामांसाठी! त्यांचं वय झालंय!"

पडत्या भावात मास्तरांनी सगळे शेअर फुंकून टाकले. घाम पुसतायत तोच भाव वर!

"कारखाना बंद म्हणजे चिपांची टंचाई," बायकोनं सुई न थांबवता सांगितलं. "गोदामातला माल आता सोन्याच्या भावानं जाणार, असं वाटतंय लोकांना. जरा दम धरा."

दम धरतील तर ते मास्तर कसले! आपण सोडलेलं सोनं दुसरेच नेतायत म्हटल्यावर मास्तरांनी फोनवर झडप घातली. तेच शेअर चढ्या भावानं परत घेतले!

इतक्यात वकील आले, पँट घेऊन पडद्याआड गेले आणि धप्पकन आवाज झाला.

"मास्तर! दोन्ही पाय एकत्र शिवलेत! कोर्टात काय बेडकासारखा जाऊ?"

"साहेब, बाजार हलतोय हो!"

"बाजार गेला खड्ड्यात, मला हलू द्या!"

बाजार बंद व्हायच्या आत बातमी आली. कारखान्याला साधा तडासुद्धा नाही, काम सुरू! भाव धाडकन उतरला, तो बरोब्बर सकाळी होता तिथे. सगळं जग जागच्या जागी, एकटे मास्तर तेवढे धुपले!

फोन वाजला. सासरे!

"जावईबापू, तुमचं ऐकलं, हललो नाही. एक पैसा गेला नाही! माणूस आहात की देव? उरलेली पुंजीपण तुमच्या सल्ल्यानंच लावतो. बोला, कुठं लावू?"

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. ती वकिलांची पँट उसवत होती आणि कात्री गरजेपेक्षा जरा जोरातच चालत होती.

"मामा," मास्तर म्हणाले, "शिलाई मशीनमध्ये लावा. आणि ते... बिल लेकीच्या नावावर करा!"