इंदूचा डावा पाय

चरणखेडच्या टेकडीवर कातळात उमटलेलं जे पाऊल आहे, त्यात माझ्या पत्नीचा डावा पाय बरोबर बसला, त्यामुळे ती आमच्याबरोबर परत आली नाही. सहलीच्या बसमध्ये तिची जागा मोकळी राहिली. त्या जागेवर आम्ही संत्र्यांची पिशवी ठेवली.

चरणखेड फार जुनं गाव आहे. टेकडीच्या एका अंगाला बौद्ध लेणी, दुसऱ्या अंगाला जैन मंदिर, पायथ्याला विष्णूचं देऊळ आणि माथ्यावर पिराचा दर्गा. कातळावरचं पाऊल मात्र एकच, आणि ते आपलंच असं चौघांचंही म्हणणं. भांडून भांडून कंटाळल्यावर पूर्वजांनी एक तोड काढली. पाऊल कोणाचं हे कोणी बोलायचं नाही. ज्याचं असेल तो येईल, पाय ठेवेल, तेव्हा बघू. तोवर गावात येणाऱ्या प्रत्येकाचा डावा पाय त्यात ठेवून बघायचा, मग तो राजा असो नाहीतर हमाल. हा नियम शेकडो वर्षं पाळला जात होता. तोपर्यंत कोणाचाही पाय बसलेला नव्हता, त्यामुळे गाव सुखात होतं.

आमच्या कराडच्या ज्येष्ठ नागरिक संघाची सहल हिवाळ्यात तिथे गेली. इंदूला यायचंच नव्हतं. तिला फार चालवत नाही. टाचा भेगाळलेल्या, आणि डावा पाय उजव्यापेक्षा चांगला बोटभर मोठा. स्वयंपाकघरातल्या फरशीवर उभं राहून राहून तो पसरला, असं ती म्हणायची. जन्मात तिला दोन्ही पायांना धड बसणारी चप्पल मिळाली नाही. मी म्हणालो, "चार धर्मांचं एका दिवसात उरकतंय, आणि तुला घरी बसून काय करायचंय?" मग ती आली.

टेकडीवर नेहमीप्रमाणे मी पुढे आणि ती मागे. हळू चालणं मला जमत नाही. कातळाशी रामटेके नावाचे एक गृहस्थ तांब्या घेऊन बसले होते. ते येणाऱ्याच्या पायावर पाणी घालायचे, पाय पावलात ठेवायला लावायचे आणि "नाई बसला, पुढं चला जी" म्हणायचे. माझा पाय आखूड पडला. मी पुढे जाऊन टपरीवर चहा घेतला. अर्धा चहा झाला असेल नसेल, तेवढ्यात रामटेक्यांचा आवाज ऐकू आला.

"बाई, पाय हालवू नका जी! हाय तसाच ठेवा!"

परत आलो तर रांग थांबलेली. इंदू एक पाय कातळात, दुसरा बाहेर, पदर खोचून उभी होती. दूध उतू गेल्यावर तिचा चेहरा व्हायचा तसाच झाला होता.

"अहो, मी काही केलं नाही," ती म्हणाली. "त्यांनी ठेवा म्हटलं, म्हणून ठेवला."

संयुक्त पाऊल समितीची बैठक कातळावरच भरली. समितीत चारही धर्मांचे सभासद, आणि सचिवपद आळीपाळीने. त्या साली ते दर्ग्याच्या इब्राहीम मुजावरांकडे होतं. मुजावर म्हणजे उंच, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी चष्मा पुसून पाय पाहिला, मग बाकीच्या तिघांनी पाहिला. बाईमाणसाचा पाय कसा चालेल, असा मुद्दा कोणीतरी काढला. पण पूर्वजांच्या ठरावात फक्त डाव्या पायाचा उल्लेख होता, पायाच्या वरच्या माणसाबद्दल त्यांनी काहीच म्हटलेलं नव्हतं. तेव्हा तो मुद्दा मागे घेण्यात आला.

"आमी चौघंबी आपापल्या बाजूचे," मुजावर म्हणाले. "आमचं कोणी मानन नाई. माप पाहायले तिसरा माणूस पाह्यजे. हाय का इथं कोणी, ज्याले मापाचं समजते?"

आता मी वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेलो. अख्ख्या जिल्ह्यातल्या दुकानदारांची वजनं आणि रॉकेलची मापं मी तपासली आणि एकाचीही गय केली नाही. कोणी मापाचं नाव काढलं की माझा हात आपोआप वर जातो. तसा तो तिथेही गेला.

गुडघे टेकून बसलो. पावलाच्या कडेने सगळीकडे नख फिरवून पाहिलं. अंगठ्याशेजारचं लांब बोट, करंगळीवरचं कुरूप, बाहेरच्या अंगाला पसरलेला चवडा, कुठे म्हणून नख शिरेना. टाचेच्या भेगांतसुद्धा दगडाचे बारीक कंगोरे जाऊन बसले होते. असं माप मी सगळ्या नोकरीत पाहिलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला.

"बिनचूक आहे," मी म्हणालो.

इंदूने खाली माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणालात?"

"बिनचूक. केसाचाही फरक नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "एवढ्या वर्षांत माझ्या कशालाच तुम्ही असं म्हणाला नव्हतात," ती म्हणाली. चहा, भाजी, इस्त्री, पाहुण्यांशी बोलणं, सगळ्यात मी काही ना काही काढायचो हे खरं आहे. पण तेवढ्यात मुजावरांनी निकाल जाहीर केला, टेकडीच्या चारी बाजूंनी घंटा आणि नगारे वाजू लागले, आणि मला उत्तर द्यायचं राहून गेलं.

मग तिला घरी न्यायचा प्रश्न निघाला.

"पाय इथंच राहीन, साहेब," मुजावर म्हणाले.

"आणि बाकीची?"

"बाकीच्या बाईंवर समितीचा काही हक्क नाई. तुमी खुशाल न्या."

"ते कसं जमायचं?"

मुजावरांनी इतर तिघांशी चर्चा केली. "नाई जमत," ते म्हणाले.

मी म्हणालो, आठ दिवसांसाठी नेतो, घराची काही व्यवस्था लावू, आणि स्वतः आणून सोडतो. समितीने यावर सहानुभूतीने विचार केला. पण गेलेलं पाऊल लवकर परत येत नाही असा या गावाचा पूर्वानुभव आहे, असं त्यांनी नम्रपणे कळवलं.

शेवटी खात्यातलाच एक नियम कामी आला. कोणतंही माप एकदा तपासलं म्हणून कायमचं खरं धरत नाहीत, त्याची मुदतीने फेरतपासणी करावी लागते. हे मी मांडलं आणि समितीला ते पटलं. वर्षभराने मीच यायचं, मीच बघायचं. नखभर जरी फट निघाली तरी पाय मोकळा, आणि इंदू माझ्याबरोबर घरी.

"मग मी राहू का, अहो?" इंदूने विचारलं.

"राहावं लागेल असं दिसतंय."

"गॅसवाल्याचा नंबर फ्रिजवर चिकटवलाय," ती म्हणाली. "आणि लसूण संपत आलाय."

पुण्याला मुलीला फोन केला. तिने विचारलं, "आईला तिथे बरं वाटतंय का?" मी म्हणालो, वाटत असावं. "मग राहू दे ना बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज मला बरा वाटला नाही.

ते वर्ष वाईट गेलं. आमटी जमली की कोणाला दाखवायची कळायचं नाही, आणि बिघडली तर कोणाला बोलायचं तेही कळायचं नाही. फिरायला निघालो की कोपऱ्यावर थांबून मागे बघायचो. नगरपालिकेचा रस्ता दिसायचा, दुसरं काही नाही. त्या कातळावर मी गुडघे टेकलेच नसते तर, हा विचार रोज यायचा. थोडी फट आहे, एवढंच म्हणायचं होतं. कोणी तपासायला आलं नसतं. सगळ्या नोकरीत एकाही मापाबद्दल मी खोटं बोललो नव्हतो, त्याचा मला अभिमान होता. तो अभिमान आता घरात माझ्यासमोर बसून असायचा आणि त्याचा काही उपयोग नव्हता.

फेरतपासणीला निघालो तो खोटं बोलायचं नक्की करूनच.

टेकडी चढताना वरून हसणं ऐकू आलं. इंदूचं होतं. पण ते ओळखायला मला वेळ लागला. कातळावर सावलीसाठी मांडव घातला होता. इंदू पाठीला आधार असलेल्या लाकडी खुर्चीवर बसली होती, डावा पाय पावलात, मांडीवर पालकाची जुडी. भोवती गावातल्या चार बाया शेंगा सोलत बसल्या होत्या. सूर्योदय ते सूर्यास्त पाय ठेवायचा, मध्ये जेवणाची सुट्टी. शिवाय चारही धर्मांचे सगळे सण तिला लागू असल्यामुळे वर्षातले कितीतरी दिवस ती मोकळीच असे. पायाला सकाळी जैन मंदिराकडून केशराचं पाणी, दुपारी देवळाकडून चंदन, संध्याकाळी दर्ग्याकडून गुलाबपाणी. पाय बाहेर काढला की लेण्यांकडच्या उपासिका रात्री खोबरेल चोळत. आमच्याकडे तिला रविवारसुद्धा नव्हता.

"आलात? बसा आधी," ती म्हणाली. "दम लागलाय तुम्हाला."

"मी न्यायला आलोय."

"तपासा की," ती म्हणाली. "तुम्ही म्हणाल ते खरं. येईल त्याला मी सांगते, आमच्या ह्यांनी स्वतः तपासलंय. ते कोणाला सहजासहजी बरोबर म्हणत नाहीत."

समितीचे चौघे येऊन उभे राहिले. बाया शेंगा सोलायच्या थांबल्या. मी गुडघे टेकले, बोटांकडून सुरुवात केली आणि टाचेपर्यंत आलो. टाचेपाशी माझं नख आत गेलं.

मी पुन्हा पाहिलं. पुन्हा गेलं. टाचेला आता एकही भेग नव्हती. चवडा आवळून आला होता, कुरूप गेलं होतं. दगडात जे पाऊल होतं ते फरशीवर उभ्या राहिलेल्या बाईचं होतं, आणि वर्षभराच्या बसण्याने आणि तेलाने तो पाय आता तिचा राहिला नव्हता. मला खोटं बोलायची गरजच उरली नव्हती. फट आहे, एवढं म्हटलं की संध्याकाळच्या गाडीने आम्ही दोघं निघालो असतो. आणि कराडला पोचल्यावर, फार तर दिवाळीपर्यंत, आमच्या स्वयंपाकघरात ते माप पुन्हा तंतोतंत जुळून आलं असतं. ते कसं जुळतं हे मला तिथे बसल्या बसल्या समजलं, आणि माझी मलाच शरम वाटली.

"काय?" इंदूने विचारलं. तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. पालकाची काडी तिने हातात घट्ट धरली होती.

मला तिला न्यायचं होतं. दुसरं काहीही नको होतं मला.

"बरोबर आहे," मी म्हणालो.

तिने श्वास सोडला. बाया पुन्हा शेंगा सोलू लागल्या. रामटेक्यांनी दर्शनाची रांग पुन्हा सुरू केली, आणि इंदू पुढच्या माणसाला म्हणाली, "या, या. जेवलात का?"

मुजावर मला पायऱ्यांपर्यंत सोडायला आले.

"नख गेलं व्हतं, साहेब," ते हळूच म्हणाले. "म्या पाह्यलं."

"मग बोलला का नाहीत?"

"माप पाहाचं काम तुमचं. गाव तुमचे उपकार इसरणार नाई."

"गावासाठी नाही केलं मी."

"ते बी पाह्यलं," मुजावर म्हणाले, आणि त्यांनी मला एसटी स्टँडची वाट दाखवली.